तुकोबारायांचा एकांत

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात चार शब्द लिहून द्या, असा निरोप दिंडीच्या मंडळींनी आम्हाला धाडला. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. जन्मभर दोनच गोष्टी हातात धरल्या, नांगराचं रुमणं आणि टाळ. लेखणी धरायची सवय नाही. तेव्हा काही कमीजास्त झालं तर लेकरू समजून संतसज्जनांनी पदरात घ्यावं.

कीर्तनात प्रमाण दिल्याशिवाय आम्ही एक पाऊल पुढं टाकत नाही. पण तुकोबारायांचे अभंग तुम्हाला सगळ्यांना पाठ आहेत, घरोघर गाथा आहे, म्हणून ते हितं लिहीत नाही. नुसतं चरित्र सांगतो, आणि तेही सगळं नाही. महाराज एकांतात का जात होते आणि तिथून येताना काय घेऊन येत होते, एवढाच विषय धरला आहे.

हा विषय धरायला कारण आहे. गावोगाव कीर्तनाला गेलं, की पंगत उठल्यावर कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतो आणि हळूच एकच गाऱ्हाणं सांगतो. महाराज, सगळं आहे, पण जिवाला स्वस्थता नाही. दारात ट्रॅक्टर आहे, डोक्यावर त्याचा हप्ता आहे. घरात टीव्ही चालू, हातात मोबाईल चालू, आणि रात्री पाठ टेकली तरी डोकं चालूच. कोणी म्हणतो, समदं सोडून कुठं तरी निघून जावंसं वाटतं. त्यांना आम्ही तुकोबारायांकडं बोट दाखवतो. कारण निघून जावं असं ज्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं, ते तेच होते. आणि ते गेलेही. पण गेले कसे आणि परत आले कसे, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

महाराजांचा जन्म इंद्रायणीकाठी देहूला. इ.स. १६०८ हे साल बहुतेक ठिकाणी धरतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले महाराज, धाकटे कान्होबा. घरात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्यांची. मूळ पुरुष विश्वंभरबाबा. त्यांच्या भक्तीमुळं विठ्ठल-रखुमाई देहूत आले, असं परंपरा सांगते. काही लोकांना वाटतं, महाराज गरिबाघरचे म्हणून त्यांना वैराग्य सोपं गेलं. तसं मुळीच नव्हतं. घरी देहूची महाजनकी होती. शेती होती, दुकान होतं, सावकारी होती. आजच्या भाषेत सांगायचं तर गावातलं खातंपितं घर. लोकांची कर्जखतं त्यांच्या पेटीत होती.

थोरल्या सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून व्यापाराचं ओझं लहान वयातच महाराजांच्या अंगावर पडलं. ते त्यांनी नीट पेललं. लग्न झालं. पहिल्या पत्नी रखुमाई, त्यांना दम्याचा आजार, म्हणून दुसरं लग्न झालं पुण्याच्या गुळवे घराण्यातल्या जिजाईंशी. लाडानं त्यांना आवली म्हणत. तवर सगळं ठीक चाललं होतं. मग एकामागं एक घाव बसायला लागले. आईवडील गेले. थोरल्या वहिनी गेल्या, आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. व्यापारात खोट आली, घरात होतं नव्हतं ते गेलं. आणि वर आला दुष्काळ.

तो दुष्काळ १६३० च्या सुमाराचा. आमची पिढी बहात्तरच्या दुष्काळातली आहे. खडी फोडायच्या कामावर आईबापांबरोबर आम्हीही होतो, आणि शाळा त्याच सुमारास सुटली. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्यावर दिवस काढले. गुरांच्या नुसत्या बरगड्या राहिल्या होत्या. पण आम्हाला निदान काम होतं, बाहेरून धान्य येत होतं. महाराजांच्या काळी ते काहीच नव्हतं. आभाळानं पाठ फिरवली की माणूस संपला. त्या दुष्काळात रखुमाई अन्नावाचून गेल्या. मागोमाग संतू नावाचं पोरगंही गेलं. महाराजांचं वय तेव्हा बावीसच्या आसपास. मंडळी, विचार करा. बावीस वर्षांचं पोर, आईबाप नाहीत, भाऊ नाही, बायको गेली, लेक गेला, धंदा बुडाला, गावात पत गेली. आजच्या काळात अशा माणसाकडं लोक रात्री जागत बसतील, की हा जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाही ना.

महाराज घरातून निघाले आणि भामचंद्राच्या डोंगरावर गेले. चाकणच्या बाजूला हा डोंगर आहे. वर खडकात कोरलेल्या जुन्या गुहा आहेत. तिथं ते पंधरा दिवस बसले. साप, विंचू, वाघ आले, असं परंपरा सांगते. आम्हाला वाटतं, जनावरापेक्षा मोठं भय मनाचं असतं. एकटं बसलं की गेलेली माणसं डोळ्यांपुढं येतात, झालेली चूक आठवते, राहिलेलं देणं आठवतं. म्हणून तर माणूस एकटं बसायला भितो आणि हातातला मोबाईल खाली ठेवत नाही. महाराज त्या सगळ्याला तोंड देत बसून राहिले. पंधराव्या दिवशी त्यांना विठ्ठलाचा साक्षात्कार झाला.

इकडं धाकटे कान्होबा रानोमाळ दादाला शोधत होते. अखेर डोंगरावर भेट झाली. दोघे भाऊ खाली उतरले, इंद्रायणीवर आले. आता नीट लक्ष द्या. पंधरा दिवस एकांतात बसून, देव भेटून जो माणूस खाली आला, त्यानं पहिलं काम काय केलं? त्यानं घरातली कर्जखतं मागवली. लोकांकडं जे पैसे येणं होतं त्याचे कागद. त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांना दिला, कारण त्यांना त्यांचा संसार होता. दुसरा आपल्या वाट्याचा इंद्रायणीच्या डोहात सोडून दिला.

या गोष्टीवर आम्ही कीर्तनात नेहमी थांबतो. दोन बारकावे आहेत. पहिला असा, की महाराजांनी फक्त आपला वाटा बुडवला. मला वैराग्य आलं म्हणून भावाच्या हक्कावर पाणी सोडलं नाही. काही माणसं परमार्थाला लागली की दुसऱ्याच्या खिशातून दान करतात. महाराजांचा हिशोब चोख होता. दुसरा बारकावा असा, की त्या कागदांनी दोन्हीकडची माणसं बांधलेली होती. ज्याचं देणं त्याला झोप नाही, ज्याचं घेणं त्यालाही झोप नाही. दुष्काळात ज्याच्या घरी माणसं मेली, त्याच्या दारात वसुलीला जायचं, ही गोष्टच महाराजांना सोसेना. कागद डोहात गेले त्या रात्री देहू गावात किती घरांत माणसं निवांत झोपली असतील! शांतता महाराजांना डोंगरावर मिळाली, आणि खाली येऊन पहिल्याच दिवशी त्यांनी ती गावात वाटली. एकांताची खरी परीक्षा आम्ही हीच मानतो. वर बसून काय दिसलं, हे ज्याचं त्याला ठाऊक. खाली आल्यावर कोणाचं ओझं हलकं केलं, ते सगळ्यांना दिसतं.

त्यानंतर महाराजांनी पडझड झालेलं विठ्ठलाचं वडिलार्जित देऊळ आपल्या हातानं नीट केलं. दगड-माती वाहिली. मन जड झालेल्या माणसाला अंगमेहनतीसारखं औषध नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

मग त्यांचा नेम सुरू झाला. सकाळी उठून स्नान, विठ्ठलाची पूजा, आणि डोंगराची वाट. इंद्रायणीच्या पलीकडं इंदुरीच्या बाजूला भंडाऱ्याचा डोंगर, तो त्यांचा रोजचा. कधी भामचंद्र, कधी घोराडेश्वर. तिन्ही ठिकाणं आजही आहेत, ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी एकदा पायी जाऊन पाहावीत. दिवसभर तिथं बसायचं आणि संध्याकाळी गावात परत यायचं. रात्री देवळात कीर्तनाला हजर.

डोंगरावर ते रिकामे बसत नव्हते. ज्ञानेश्वरी, नाथांचं भागवत, नामदेवरायांचे अभंग यांचं वाचन आणि पाठांतर चालायचं. कीर्तनात ते आधी पुढं उभे राहिले नाहीत. पाठीमागं उभं राहून धृपद धरायचं, दुसऱ्याला साथ द्यायची, असं त्यांनी केलं. आमच्या तरुण गायक-वादकांनी हे ध्यानात ठेवावं. आज माईक हातात आला की पहिल्याच वर्षी पुढं उभं राहायची घाई होते. महाराज आधी ऐकायला शिकले. ऐकायला शांत मन लागतं, आणि शांत मनाला रोजचा थोडा एकांत लागतो. पुढं माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला आणि आपण रोज म्हणतो तो मंत्र दिला. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करण्याची आज्ञा झाली. त्यातून साडेचार हजारांच्या वर अभंग आपल्याला मिळाले.

आता महाराजांच्या साध्या राहणीची गोष्ट. ताहराबादच्या महिपतीबुवांनी भक्तलीलामृतात ती सांगितली आहे. एका शेतकऱ्यानं महाराजांना पीक राखायला ठेवलं. महाराज माळ्यावर बसले. पाखरं आली. महाराजांना वाटलं, यांनाही भूक आहे, यांना कशाला हाकलायचं? गोफण तशीच राहिली आणि पाखरांनी कणसं रिकामी केली. मालक आला आणि भांडणाला उठला. पण मळणी केली तर धान्य नेहमीपेक्षा जास्त भरलं. शेतकरी म्हणून आम्हाला ही गोष्ट जरा जडच जाते. आमच्या रानात पाखरं पडली तर आम्ही पत्र्याचा डबा वाजवतो, खोटं कशाला बोलू? पण एवढं मात्र केलं आहे, की बांधावरची बाभळ आणि लिंब तोडलेला नाही. त्यांच्यावर पाखरं बसतात आणि आम्हीही त्यांच्याच खाली बसतो. डोंगरावर महाराजांनी झाडाझुडपांना, पाखरांना आपलं गणगोत मानलं. त्यांना करमणुकीला दुसरं काही लागलं नाही, म्हणून त्यांची गरज कमी राहिली. गरज कमी म्हणून कोणाची ताबेदारी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्यांच्याकडं नजराणा धाडला आणि तुकोबारायांनी तो आदरानं परत पाठवला, असं परंपरा सांगते. राजाविषयी राग नव्हता. त्या संपत्तीबरोबर येणारी राखण त्यांना नको होती.

इथवर सगळे सांगतात. इथून पुढं जे आहे ते बोलल्याशिवाय हे चरित्र आम्हाला पुरं वाटत नाही.

महाराज डोंगरावर बसत तेव्हा घर कोण चालवत होतं? जिजाई. घरात लहान पोरं. काशी, भागीरथी, गंगा या लेकी. महादेव, विठोबा हे लेक. दळण, पाणी, सरपण, उसनंपासनं, सगळं त्या माऊलीच्या अंगावर. आणि हे करून दुपारी भाकरी बांधून ती डोंगर चढायची. नवऱ्याच्या तोंडात घास पडल्याशिवाय ती स्वतः जेवत नव्हती. एकदा वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि विठ्ठलानं स्वतः येऊन तो काढला, अशी कथा आहे. कीर्तनात ती सांगितली की बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. उसाची गोष्टही सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी तरी महाराजांना ऊस दिले, वाटेत पोरांनी ते मागून घेतले, घरी एकच उरला, आणि जिजाईंनी रागानं तो त्यांच्या पाठीत मारला. त्याचे तुकडे झाले. महाराज हसले आणि ते तुकडे सगळ्यांत वाटले.

पुष्कळ कीर्तनकार इथं जिजाईंना कजाग म्हणून दाखवतात आणि लोकांना हसवतात. आम्ही तसं करत नाही. जिच्या घरी पोरं उपाशी, तिनं रागावू नये तर काय करावं? महाराजांच्या एकांताचं मोल तिनं दिलं, हे कबूल केलं पाहिजे. महाराज तिच्या बोलण्यावर कधी चिडले नाहीत, हात उगारला नाही, घर टाकून कायमचे गेले नाहीत. रोज संध्याकाळी परत आले. हेही तितकंच खरं. ज्याला खरी शांती मिळाली, त्याच्यावर घरातल्या माणसानं संताप केला तरी तो माणूस संतापत नाही. साधू आहे का नाही हे ओळखायचं असेल तर त्याला मठात बघू नका, घरात चुलीपाशी बघा.

म्हणून पुरुष मंडळींना आमची हात जोडून विनंती आहे. तुम्ही पहाटे देवळात काकड्याला जाता, दुपारी पारावर बसता, एकादशीला पंढरीला जाता. घरच्या लक्ष्मीला दिवसात घटकाभर तरी निवांत मिळते का, हे एकदा विचारा. दिंडीत बायामाणसं आम्हाला सांगतात, महाराज, वारीचे अठरा-वीस दिवसच काय ते आमचे. डोक्यावर तुळस घेऊन चालतानाच मन मोकळं होतं. घरी सकाळपासून रात्रीपर्यंत हात थांबत नाहीत. हे ऐकलं की आम्हाला भंडाऱ्याची वाट चढणारी जिजाई दिसते. तिला डोंगरावर भाकरी पोचवायला जायची वेळ होती, बसायची वेळ नव्हती. आपल्या घरात तरी तसं होऊ नये.

महाराजांच्या एकांतावर एकदा बाहेरूनही घाला आला. वाघोलीचे रामेश्वरभट यांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायची पाळी आली. ज्या डोहात स्वतः होऊन कर्जखतं सोडली, त्याच नदीत आता जन्माची कमाई गेली. कर्जखतं सोडताना हात हलका होता. वह्या सोडताना काळीज फाटलं असेल. महाराज काठावर शिळेवर बसले. अन्न नाही, पाणी नाही, तेरा दिवस. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, गावकी गोळा केली नाही, सूड मनात आणला नाही. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. इकडं रामेश्वरभटांच्या अंगाचा दाह झाला होता, तो तुकोबारायांना शरण आल्यावर शमला, आणि तेच पुढं त्यांचे भक्त झाले. तुकोबारायांची जी आरती आपण म्हणतो, ती या रामेश्वरभटांचीच. गप्प बसून शत्रूचा मित्र करता येतो, याला आणखी दाखला नको. भावाभावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या करणारांनी तेरा दिवस नको, तेरा घटका तरी गप्प बसून बघावं.

एकट्यानं डोंगरावर बसणारा हा माणूस शेवटपर्यंत एकटा राहिला नाही. चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगाराम मवाळ यांच्यासारखे टाळकरी पाठीशी उभे राहिले. शिऊरच्या बहिणाबाई त्यांना गुरू मानून देहूला आल्या. तेली, ब्राह्मण, बाया, गडी, सगळे एका कीर्तनात. शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, इ.स. १६५० ला महाराज वैकुंठाला गेले. तीच आपली तुकाराम बीज. वय बेचाळीसच्या आसपास.

त्या वेळी जिजाई गरोदर होत्या. मागाहून झालेला मुलगा म्हणजे नारायण महाराज. त्यांनीच इ.स. १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला न्यायला सुरुवात केली. म्हणजे बघा, ज्या माऊलीनं डोंगरावर भाकरी पोचवली आणि जिला लोक कजाग म्हणतात, तिच्याच पोटच्या लेकानं आपल्याला पालखी दिली. आपल्या दिंडीची शंभर वर्षं त्या पालखीच्या मागं चालूनच झाली. महाराजांचा एकांत आणि जिजाईंचे कष्ट, दोन्ही त्या पालखीत आहेत असं आम्ही मानतो.

तात्पर्य सांगून पुरं करतो. डोंगर जवळ नसला तर बांध आहे, विहिरीची थारोळी आहे, देवळाचा ओटा आहे. पहाटे किंवा दिवेलागणीला एक घटका मोबाईल घरी ठेवून तिथं बसावं. नाम घ्यावं. पहिले काही दिवस मन लई उड्या मारील, मारू द्यावं. ऐपतीबाहेरचं लग्न, ऐपतीबाहेरची गाडी, देखाव्याचं कर्ज, हे जेवढं टाळाल तेवढं ते बसणं सोपं जाईल. उठून घरी आल्यावर कोणाचं तरी ओझं हलकं करावं. बायकोच्या हातातली घागर घ्यावी, भावाशी अबोला असला तर सोडावा, गरिबाकडं पाच-पन्नास रुपये राहिले असतील तर विसरून जावं. आणि दुसऱ्या दिवशी ती घटका घरच्या माऊलीला द्यावी; चूल आपण सांभाळावी.

एवढं झालं तर तुकोबारायांच्या पायी आपली शंभर वर्षांची वारी रुजू झाली असं समजू.

राम कृष्ण हरि.